बारला टाळे लागले, पण सुनावणी कुठे आहे?

गेल्या पौर्णिमेची गोष्ट. विहारात वंदना आटोपली, खीरदान झाले आणि मी दाराशी चपला शोधत होतो. आमच्या महिला मंडळातील एक ज्येष्ठ उपासिका, ज्यांना अख्खी वस्ती मावशी म्हणते, त्या मला आडव्या आल्या.

"वकीलसाहेब, खरं का हो? त्या बारवाल्याचं वकीलपत्र तुम्ही घेतलंय म्हणे?"

"घेतलंय, मावशी."

"मग आत्ता पंचशील म्हणताना पाचवं शील कुठल्या तोंडानं म्हटलंत?"

आजूबाजूला दहा-पंधरा माणसे होती. तरुण कार्यकर्ते गालात हसले. मी तेव्हा दोन शब्दांत काहीतरी सांगून वेळ मारून नेली, परंतु रात्रभर तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. प्रश्न चारचौघांत विचारला गेला आहे, तेव्हा उत्तरही चारचौघांतच दिले पाहिजे. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम प्रकरण काय ते सांगतो. अशिलाची परवानगी घेतली आहे. तरीही बारचे नाव, गावाचे नाव आणि कार्यालयाचे नाव सांगणार नाही. प्रकरण प्रलंबित आहे, त्यामुळे खरे-खोटे कोणाचे यावरही लिहिणार नाही. बार लहान आहे. सरकारी भाषेत ज्याला एफएल-३ म्हणतात तो परवाना, आठ-दहा टेबले आणि मागे स्वयंपाकघर. मालक आपल्याच समाजातला आहे, हे मुद्दाम सांगतो. कारण मावशींच्या रागाचे निम्मे कारण तेच आहे. एके रात्री बारच्या बाहेर मारामारी झाली, एका पोराचे डोके फुटले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. तिसऱ्या दिवशी त्या वस्तीतील बायांनी मोर्चा काढला. मावशींची लेक त्याच वस्तीत दिलेली आहे, म्हणून मावशीही पनवेलहून मोर्चाला गेल्या होत्या. आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी आदेश आला. आदेश आठ ओळींचा होता. सार्वजनिक हित लक्षात घेऊन सदर अनुज्ञप्ती पुढील आदेश होईपर्यंत तात्काळ निलंबित करण्यात येत आहे, एवढाच त्याचा सारांश. कोणत्या अटीचा भंग झाला? लिहिलेले नाही. कोणाचा जबाब घेतला? लिहिलेले नाही. किती दिवसांसाठी? तेही नाही. दाराला सील लागले, बायांनी पेढे वाटले.

त्याच आठवड्यात त्याच रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलची तपासणी झाली होती. वेळ उलटून गेल्यावर दारू दिल्याची नोंद तिथेही झाली. त्या हॉटेलला काय मिळाले? कारणे दाखवा नोटीस. लेखी खुलाशासाठी मुदत. दारूबंदी कायद्याच्या कलम १०४ मध्ये अशी सोय आहे की परवाना निलंबित किंवा रद्द करण्याऐवजी ठरावीक रक्कम घेऊन प्रकरण मिटवता येते. मोठ्या हॉटेलसाठी ते दार उघडे राहिले. लहान्याला मात्र थेट टाळे.

मालक माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला आधी बसवून दोन गोष्टी सुनावल्या. भगवान बुद्धांनी अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत. शस्त्रांचा, माणसांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. तू बाबासाहेबांची जयंती साजरी करतोस, वर्गणी सगळ्यात मोठी देतोस, पण सम्यक आजीविका कुठे राहिली? तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "साहेब, माझं चुकत असेल तर विहारात सांगा, मी ऐकीन. पण इथं मला शिक्षा झाली ती कशाबद्दल, एवढं तरी कोणी सांगेल का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून वकीलपत्र घेतले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, त्याचे कलम ५४ परवाना रद्द किंवा निलंबित करण्याचा अधिकार देते. परंतु हा अधिकार मोकाट नाही. फी किंवा शुल्क थकले, अटींचा भंग झाला, परवानाधारकाला वा त्याच्या नोकराला या कायद्याखाली शिक्षा झाली, खोटी माहिती देऊन परवाना मिळवला, अशी कारणे कलमातच दिलेली आहेत. आणि ती कारणे लेखी नोंदवली पाहिजेत असे कायदाच बजावतो. या कारणांच्या पलीकडचे काही असेल तर कलम ५६ आहे, त्यात पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीची तरतूद आहे. शिवाय कलम १४२ आहे. सार्वजनिक शांततेसाठी दुकान काही काळ बंद ठेवण्याचा आदेश जिल्हाधिकारी देऊ शकतात. दंगल होण्याच्या बेतात असेल किंवा सुरूच झाली असेल, तर हजर असलेला कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस अधिकारीही दुकान बंद करायला लावू शकतो. मिरवणुकीच्या दिवशी दुकाने बंद राहतात ती याच कलमाने. म्हणजे खरी तातडी असेल तर कायद्याने हत्यार देऊन ठेवलेले आहे. पण तातडीचे हत्यार वेगळे आणि शिक्षेचे हत्यार वेगळे. आमच्या प्रकरणातील आदेशात दोन्ही एकात कालवून टाकले आहेत, आणि कलमाचा आकडासुद्धा लिहिलेला नाही.

"दारूवाल्याला कसला आलाय हक्क?" असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. दारूचा धंदा करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज प्रकरणात १९९४ च्या निकालात स्वच्छ सांगितले आहे, आणि मला ते मान्य आहे. परंतु धंद्याचा हक्क नसणे वेगळे आणि मनमानीपासून संरक्षण नसणे वेगळे. संविधानाचा अनुच्छेद १४ दारूवाल्याला वगळून लिहिलेला नाही. सरकारने एकदा परवाना दिला, फी घेतली, तर तो काढून घेताना दोन माणसांना दोन न्याय लावता येत नाहीत.

तातडीचा प्रश्नही न्यायालयापुढे अनेकदा आला आहे. १९८१ चा स्वदेशी कॉटन मिल्सचा निकाल आम्ही वकील नेहमी काढतो. तिथल्या कायद्यात तर 'तात्काळ कारवाई' हे शब्दच होते. सरकार म्हणाले, तात्काळ म्हणजे सुनावणी नाही. न्यायमूर्तींचे बहुमत म्हणाले, तेवढ्या शब्दाने सुनावणी पुसली जात नाही. थोडक्यात का होईना, पण म्हणणे ऐकून घेता येत होते. नंतर १९८४ च्या लिबर्टी ऑइल मिल्स प्रकरणात न्यायालयाने दुसरी बाजूही दाखवली. काही वेळा आधी हात उचलावा लागतो, आदेश आधी आणि ऐकणे मागाहून, हे चालू शकते. मात्र मागाहूनचे ऐकणे लवकर आणि मनापासून झाले पाहिजे. हे दोन्ही निकाल शेजारी ठेवले की नियम ध्यानात येतो. आग लागली असेल तर आधी पाणी मारा, पण दुसऱ्या दिवशी पंचनामा करा. 'पुढील आदेश होईपर्यंत' म्हणून फाईल बासनात बांधून ठेवणे म्हणजे पाणी मारणे नव्हे.

आणि खरी आग कशी असते ते आपल्या लोकांइतके कोणाला ठाऊक आहे? २००४ च्या डिसेंबरात विक्रोळीत विषारी दारूने किती घरे बसली. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. बहुतेक सगळे मजूर, हातावर पोट असलेले. अशा वेळी एखाद्या दुकानातील मालाचा संशय आला, तर त्याच रात्री सील लावा, नोटिशीची वाट पाहू नका. मी स्वतः त्या आदेशाच्या बाजूने कोर्टात उभा राहीन. परंतु या दोन्ही ठिकाणी विष परवान्याच्या दुकानातून आले नव्हते. ते बेकायदा अड्ड्यांतून आले होते. अड्ड्याकडे परवानाच नसतो, तेव्हा निलंबित तरी काय करणार? अड्डे वर्षानुवर्षे कोणाच्या आशीर्वादाने चालतात, हे विचारायचे सोडून सगळा जोर परवान्याच्या दारावर लावायचा, ही सोयीची तातडी आहे.

पनवेलच्या माणसाला तर हा धडा नव्याने शिकवण्याची गरजच नाही. डान्स बार बंदीची सुरुवात कुठून झाली होती? आपल्याच पनवेलपासून. शेतकरी कामगार पक्षाचे तेव्हाचे पनवेलचे आमदार विवेक पाटील यांनी विधानसभेत इथल्या डान्स बारचा प्रश्न लक्षवेधीने मांडला आणि ३० मार्च २००५ रोजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांनी सभागृहात जाहीर केले की मुंबईबाहेरच्या डान्स बारचे परवाने रद्द होतील. (तो परवाना नाचाचा होता, दारूचा नव्हे, पण दुखणे एकच.) पुढे मुंबईलाही तोच नियम लागला. वास्तविक परवाना द्यायचा की रद्द करायचा हे ठरवणारा अधिकारी वेगळा असतो. त्याने कागद पाहायचे, म्हणणे ऐकायचे, मग ठरवायचे. इथे निर्णय सभागृहात टाळ्यांच्या गजरात आधी झाला आणि कायदा मागाहून धावत आला. जुलै २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात ३३ अ आणि ३३ ब ही कलमे घातली गेली, ऑगस्टमध्ये ती लागू झाली.

ती कलमे पुन्हा वाचून पाहा. ३३ अ म्हणते की परमिट रूममध्ये, बिअर बारमध्ये, खाणावळीत नाच बंद. आणि ३३ ब म्हणते की तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना, क्लबांना, जिमखान्यांना ही बंदी नाही. म्हणजे रिक्षावाल्याने नाच पाहिला तर संस्कृती बुडते आणि शेठजीने पाहिला तर ते मनोरंजन! १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने न्या. रिबेलो आणि न्या. रोशन दळवी यांच्या खंडपीठापुढे ही बंदी घटनाबाह्य ठरवली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. सरकारने २०१४ मध्ये पुन्हा दुरुस्ती केली, २०१६ मध्ये नवा कायदा आणला, आणि १७ जानेवारी २०१९ च्या निकालात त्याच्याही अनेक अटी गळून पडल्या. चौदा वर्षे!

या चौदा वर्षांत मेले कोण? मालकांपैकी कित्येकांनी ऑर्केस्ट्राचे परवाने काढले, कोणी लॉज टाकले. बारमध्ये नाचणाऱ्या बायांचा आकडा तेव्हा ७५ हजार सांगितला जाई. त्यात कोल्हाटी, बेडिया, नट अशा पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्यावर जगवल्या गेलेल्या जातींच्या किती लेकी होत्या, हे आपल्या चळवळीतील बायांनीच त्या वेळी पुढे येऊन सांगितले. नाचणे हा त्यांचा जातीने लादलेला धंदा आहे, तो संपलाच पाहिजे, असे काहींचे म्हणणे होते. पर्याय न देता एका रात्रीत दार लावले तर त्या आणखी खोल खड्ड्यात जातील, असे इतरांचे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. पण कायदा करताना त्या बायांना कोणी विचारले होते का? त्यांचे म्हणणे पहिल्यांदा ऐकले ते न्यायालयाने, तेही त्यांची संघटना वकील घेऊन दारात उभी राहिली म्हणून.

वरून आलेल्या हुकुमाने परवाना रद्द करण्याचा रोग जुना आहे. मुंबईचेच प्रकरण आहे. अंधेरीला सिनेमागृह बांधायची परवानगी पोलीस आयुक्तांनी दिली आणि १९४७ साली सरकारच्या सांगण्यावरून ती रद्द झाल्याचे पत्र पाठवले. गोरधनदास भानजी या माणसाने त्याला आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५१ साली न्यायालयाने सांगितले की कायद्याने अधिकार आयुक्ताला दिला आहे, तर डोके आयुक्ताचेच चालले पाहिजे; दुसऱ्याने सांगितले म्हणून काढलेला आदेश हा त्याचा आदेशच नव्हे. आणि आदेशात जे लिहिले तेच खरे, मागाहून अधिकाऱ्याने आपल्या मनात काय होते ते सांगून भागत नाही. आज मोर्चा निघाला, आमदाराचा फोन गेला, टीव्हीवर बातमी आली की संध्याकाळी निलंबन, ही जी पद्धत पडली आहे तिला हा निकाल लागू पडतो.

आता मावशींसाठी, आणि मोर्चात गेलेल्या सगळ्या बायांसाठी, खरी गोम सांगतो. अशा आदेशाचे पुढे काय होते? मालक आदेशाची प्रमाणित प्रत घेतो. कलम १३७ खाली आयुक्तांकडे अपील करतो, सोबत स्थगितीचा अर्ज जोडतो. तिथे काही झाले नाही तर कलम १३८ खाली शासनाकडे, म्हणजे मंत्रालयात, पुनरीक्षण. तिथेही अडले तर उच्च न्यायालयात रिट. सरकारी वकील म्हणतो, आधी अपील संपवून या. आम्ही १९९८ चा व्हर्लपूल निकाल दाखवतो की नैसर्गिक न्यायाचा भंग असेल तर पर्यायी उपाय आडवा येत नाही. न्यायमूर्ती आदेश हातात घेतात. आठ ओळी. कारण नाही, नोटीस नाही, सुनावणी नाही. त्यांना मारामारी झाली की नाही हे पाहण्याची गरजच उरत नाही. दहा मिनिटांत आदेश रद्द होतो किंवा स्थगित होतो आणि प्रकरण नव्याने ऐकण्यासाठी परत जाते. बारवर पुन्हा दिवे लागतात, बाहेर फटाके वाजतात, आणि वस्तीतील बायांना वाटते की कोर्ट विकले गेले.

कोर्ट विकले गेलेले नसते. आदेशच कच्चा काढलेला असतो. कधी घाईने, कधी आळसाने, आणि कधी कधी, हे मी वीस वर्षांच्या वकिलीनंतर लिहितो आहे, जाणूनबुजून. मोर्चाही शांत होतो आणि अपिलात मालकही सुटतो. ज्या अधिकाऱ्याला बार खरोखर बंद करायचा असतो तो काय करतो? तो तपासणीचा नीट पंचनामा करतो, नोंदवही जप्त करतो, शेजाऱ्यांचे जबाब घेतो, कोणत्या तारखेला कोणती अट मोडली ते नोटिशीत लिहितो, खुलाशाला मुदत देतो, खुलासा का पटला नाही ते दोन पानांत मांडतो. असा आदेश उडवायला मला घाम फुटतो. आठ ओळींचा आदेश मात्र बारवाल्याच्या वकिलाला आयती मेजवानी आहे.

शिवाय सुनावणी म्हणजे फक्त मालकाची सुनावणी नव्हे. मोर्चातील एकीचाही जबाब कोणी घेतला नाही. त्यांच्या निवेदनावर पोच दिली आणि संपले. आज ना उद्या मालक अपिलात जाईल तेव्हा दोनच पक्ष समोरासमोर असतील, मालक आणि सरकार. ज्यांच्या दारात रात्री बाटल्या फुटतात त्या कुठेच नसतील.

या कायद्याचा इतिहासच असा आहे की तो बोलतो गरिबाच्या भल्याचे आणि पडतो गरिबाच्या अंगावर. इंग्रजांनी १८९२ साली मोहाचा कायदा केला तो ठाणे आणि कुलाबा या आपल्याच भागासाठी. आदिवासीच्या झोपडीत मोहाची फुले सापडली की तो गुन्हेगार, आणि ठेकेदाराच्या दुकानातील दारू मात्र कायदेशीर. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत दारूबंदीचा विषय निघाला तेव्हा जयपालसिंग मुंडा यांनी आदिवासींच्या वतीने विरोध नोंदवला होता. तरतूद झाली, आज ती अनुच्छेद ४७ मध्ये आहे.

बाबासाहेबांचे काय? आपल्यातील अनेकांना हे ठाऊक नसते की १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात त्यांनी सरकारी दारूबंदीला उघड विरोध केला होता. तिजोरीचे एवढे नुकसान करून घेणे त्यांना मान्य नव्हते. आणि त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या, त्यातली सतरावी दारू न पिण्याची आहे. यात विसंगती नाही. दारू सोडायची ती माणसाने स्वतःच्या शब्दावर सोडायची आहे, फौजदाराच्या दंडुक्याने नव्हे. आणि राज्याने जे करायचे ते कायद्याच्या चौकटीत करायचे. दोन्ही गोष्टी त्यांनीच शिकवल्या. वकील म्हणूनही त्यांनी अशील निवडताना टाळ्यांकडे पाहिले नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा अख्खे सभ्य मुंबई शहर तोंड फिरवून बसले होते. १९३४ साली कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरले, पण उभे राहिले. कुठे कर्वे आणि कुठे बारमालक, हे मलाही कळते. अशिलाच्या धंद्याला माझा आशीर्वाद नाही. माझे भांडण त्या आठ ओळींशी आहे.

कारण त्या आठ ओळी उद्या कोणाच्या दारावर चिकटतील? 'सार्वजनिक हित' हे शब्द आपण कुठे कुठे वाचले आहेत ते आठवा. झोपडी पाडताना वाचले आहेत. फेरीवाल्याची गाडी उचलताना वाचले आहेत. सभेची परवानगी आदल्या रात्री नाकारताना वाचले आहेत. तिथे आपण छाती ठोकून विचारतो, नोटीस कुठे आहे, आमचे ऐकून का घेतले नाही? मग बारच्या दारात तोच प्रश्न गिळून टाकायचा का?

बार कायमचा बंद करायचा असेल तर रस्ता आहे, आणि तो बायांच्याच हातात आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा वॉर्डातील महिला मतदारांपैकी २५ टक्के महिलांनी मागणी केली, किंवा ग्रामसभेने ठराव केला, तर गुप्त मतदान घेता येते. उभी बाटली की आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक आडव्या बाटलीला पडल्या तर दुकान बंद. मात्र मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या; यादीत मेलेल्याही असतात आणि लग्न होऊन गेलेल्याही असतात. ही अट अन्यायाची आहे आणि ती बदलण्यासाठी लढले पाहिजे. पण त्या मार्गाने बंद झालेल्या दुकानाला लोकांच्या मताचे पाठबळ असते, आणि ते उडवणे कोणत्याही वकिलाला सोपे नसते. खारघरच्या रहिवाशांनी दारूमुक्त खारघरसाठी किती वर्षे सह्या, ठराव आणि आंदोलने केली ते आपल्या तालुक्याने पाहिले आहे. एका दिवसात पेढे वाटायला मिळत नाहीत, एवढाच काय तो या रस्त्याचा दोष.

हे सगळे मी गेल्या रविवारी मावशींच्या घरी जाऊन सांगितले. त्यांनी चहा दिला, पण चेहरा काही सैल झाला नाही. म्हणाल्या, "तुमचं कायद्याचं मला पटतं. पण माझा जावई त्याच बारमध्ये बसतो, त्याचं काय?"

मी म्हटले, "मावशी, मी समोरच्या बाजूचा वकील आहे. तुम्हाला सल्ला देणं मला शोभत नाही. पण कोर्टात एक तरुण वकील ताई आहेत, त्यांना भेटा. आमचं अपील निघालं आणि प्रकरण सुनावणीला परत आलं, तर तक्रारदार म्हणून आमचंही ऐका, असा अर्ज करता येतो. मान्य करायचा की नाही हे अधिकारी ठरवतील."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग आत जाऊन शाळेची एक दोनशे पानी वही घेऊन आल्या. लेकीची होती. नवरा रात्री किती वाजता घरी आला, कुठून आला, बारचा मागचा दरवाजा किती वाजेपर्यंत उघडा होता, हे तिने तारखेसकट लिहून ठेवले होते. निळ्या शाईत, दोन वर्षांचे. मी वही उघडली नाही. उघडणे योग्य नव्हते.

"ही वही तिथं चालेल का?" मावशींनी विचारले.

"त्या ताईंना दाखवा. चालली, तर मी लेकीला उलट प्रश्न विचारीन, मावशी. कडक विचारीन. ते माझं काम आहे."

"विचारा की," मावशी म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत तिला कोणी काही विचारलंच नाही."

अपिलाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मावशींनी ती कॅलेंडरवर लिहून घेतली आणि पनवेलहून सकाळची पहिली एसटी किती वाजता सुटते ते मला विचारले.